पालटाचा चाखण्या

“बाबा, तुमाले पहिला घास काऊन देत होते, माहीत हाय नं?”

विवेक सिंदी मेघेहून भर दुपारी मोटारसायकल हाणत आला होता. हेल्मेट अजून डोक्यातच होतं, त्यामुळे त्याचा आवाज रांजणातून आल्यासारखा घुमत होता.

“माहीत हाय,” चिंधू म्हणाला. तो छपरीत बसून उद्याच्या पांढऱ्या सदऱ्याला बटण लावत होता.

“जेवणात जहर असलं तं आपल्या वस्तीतला माणूस मरावा, बाकीचं गाव वाचावं. ह्याले तुमी मान म्हणता?”

“पहिले मरायसाठीच बसवत होते. मंग तुह्या आज्यानं पाह्यलं, का आपून बोलल्याबिगर पाटलाच्या घशातून घास उतरत नाई. छप्पन साली त्यानं देव सोडले, हे बसणं नाई सोडलं. मले म्हणे, चिंध्या, यात देव कुठीच नाई. यात आपली जबान हाय.” चिंधूने दातांनी दोरा तोडला. “आता तूच सांग, कोण कोणाले बसवून राह्यलं?”

विवेक माझ्याकडे वळला. “मोतीकाका, तुमी तरी सांगा ह्याइले.”

मी चिंधूच्या बायकोनं, तानाबाईंनी दिलेलं कैरीचं पन्हं पीत होतो. तोंडात पन्हं असताना माणसानं मत देऊ नये, म्हणून दिलं नाही.

आमचं खैरगव्हाण वर्धा नदीच्या अलीकडे, देवळी तालुक्यात. पलीकडे माथनी, यवतमाळ जिल्हा. जिल्ह्याची हद्द नदीच्या मधून जाते. नेमकी कुठून, ते फक्त रेती चोरणाऱ्यांना ठाऊक असतं, कारण तलाठी आला की ती तेवढ्यापुरती सरकते. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, नदी आटून गेलेली असते तेव्हा, दोन्ही गावं रेतीत उतरतात आणि पालट होतो. माथनीनं खैरगव्हाणसाठी रांधायचं, खैरगव्हाणनं माथनीसाठी. आपलं आपण खायचं नाही. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि चिंचवणी. ही चाल कशी पडली म्हणून विचाराल तर मी तीन गोष्टी सांगतो, आणि तिन्ही खोट्या आहेत. खरं एवढंच की पूर्वी दोन्ही गावांत वैर होतं, आणि वैऱ्याच्या हातचं खायचं तर आधी कोणीतरी खाऊन दाखवावं लागतं. तो चाखण्या. त्यानं समोरच्या गावाच्या कढईपुढे बसून पहिलं पान खायचं, उठायचं आणि “पोट राजी” म्हणायचं. मग डफडं वाजतं, मग पंगती बसतात. तो बोलला नाही तर अन्न मातीत जातं.

माथनीचा चाखण्या तीन वर्षांपूर्वी वारला आणि त्याच्या पोरांनी नको म्हटलं. तेव्हापासून दोन्ही गावांचा चाखण्या एकच, चिंधू.

एरवी चिंधू म्हणजे ग्रामपंचायतीचा नळ सोडणारा. छत्तीस वर्षं त्यानं पहाटे पाचला टाकीखालचा व्हॉल्व्ह फिरवला, आणि छत्तीस वर्षं ज्याच्या घरी पाणी कमी आलं त्याची शिवी खाल्ली. निवृत्तीला एक नारळ मिळाला. तोही नासका निघाला. पण वर्षातला एक दिवस त्याचा होता. भाजीचा एक घास घेऊन तो सांगायचा, वांगं काळ्या जमिनीतलं की बरडातलं, फोडणी कोण्या बाईनं दिली, आणि देताना ती सासूशी बोलत होती की नव्हती. एका साली तर नुसता रोडगा चाखून त्यानं गाय कोणाची ते सांगितलं. म्हणजे जिची गोवरी होती ती गाय. यात थोडं माझं आहे, पण गाय खरी होती.

करोनाच्या दुसऱ्या साली त्याला ताप आला. ताप गेला आणि जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. त्यानं कोणाला सांगितलं नाही. तानाबाईंनी ओळखलं. एक दिवस त्या माझ्याकडे आल्या, पदरात तोंड घालून.

“भाऊजी, म्या परवा भाजीत मीठ टाकलंच नाई. काल दोनदा टाकलं. ह्याइनं दोनी खेपेले म्हटलं, बढिया झाली. आता गावाले समजलं तं ह्याइचं काय राह्यते?”

त्यांनीच मग तोड काढली, पण चिंधूला ती माझीच म्हणून सांगायची, त्यांचं नाव घ्यायचं नाही. पालटाला चिंधू जेवायला बसला की मी त्याच्या पाठीशी उभं राहायचं. वास चांगला असला की एकदा खाकरायचं. नसला तर गप्प. चार वर्षं मी नाक होतो आणि तो तोंड. याला लबाडी म्हणाल तर होती. पण तोवर अन्नही चांगलं होतं. बाया तिथंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रांधत होत्या. नासायला वेळच कुठे होता?

विवेक आला त्याच दिवशी संध्याकाळी मला प्रभाकररावांचं बोलावणं आलं.

प्रभाकरराव रेतीघाटाचे ठेकेदार. नदीला इतके खड्डे पाडलेत की मासोळीला घर बदलायचं तर शिडी लागते. यंदा त्यांना निवडणूक लढवायची होती, म्हणून पालट त्यांनी ताब्यात घेतला होता आणि त्याचं नाव ‘सीमासंगम खाद्य महोत्सव’ ठेवलं होतं. काठावर त्यांच्या तोंडाचा एवढा मोठा फलक लावला होता की गालावरून निघालेल्या डासाला कानापर्यंत जाताना मध्ये मुक्काम करावा लागे.

ते तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत होते आणि बोलता बोलता कागदी कपात थुंकत होते. तो कप चहाच्या कपांमध्येच ठेवलेला होता. समोरची दहाबारा माणसं त्याच ट्रेमधून चहा उचलून पीत होती, बिनघोर. मला चहाची तलफ होती, ती तिथं मेली.

“मोतीलालभाऊ, तुमी स्टेजवर बसा. तुमच्यासारखा गोष्टी सांगणारा दोनी जिल्ह्यांत नाई.” त्यांनी माझ्या डोक्यावर गुलाबी फेटा ठेवला आणि छातीला बिल्ला लावला, ‘लोकसंस्कृती मार्गदर्शक’. “अन् यंदा चुलीगिली नाई. समदा स्वयंपाक एकाच केटररले देल्ला. दोनी गावाले एकच भाजी. ऐक्य!”

“मंग पालट कायचा राह्यला?” मी विचारलं.

“काका, फोटो चांगले येते,” कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

आता माझा रोग सांगतो. चार माणसं हसली की मला ती आणखी हसवावीशी वाटतात. डोक्यावर फेटा, समोर दहाबारा तोंडं. मी गायीची गोष्ट सांगितली, हसले. सासूची सांगितली, हसले. साठा संपत आला. मग मी मिठाची सांगितली. बिनमिठाची भाजी, दुप्पट मिठाची भाजी आणि दोन्हीला बढिया म्हणणारा चिंधू. तानाबाईंचा आवाजसुद्धा काढला. हसून हसून एकाच्या तोंडातला खर्रा समोरच्याच्या सदऱ्यावर उडाला. प्रभाकरराव मात्र हसले नाहीत. त्यांनी नुसतं “असं का?” म्हटलं आणि कपात थुंकले.

दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस डिग्री होतं. रेतीवर हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलं होतं आणि ते तापून चपलांना चिकटत होतं. पळसाच्या पत्रावळींच्या जागी थर्माकोलची ताटं होती. डीजेच्या दणक्यानं काठच्या बाभळीवरचे बगळे उडाले. ते चंद्रपूर जिल्ह्यातच उतरले असं म्हणतात. अकरा वाजता टेम्पो आला. त्यात झाकण बंद केलेले सहा निळे ड्रम होते. भाजी आदल्या संध्याकाळी केली होती आणि रात्रभर कुठल्याशा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती, हे नंतर कळलं.

मी स्टेजवर होतो. प्रभाकररावांच्या उजव्या हाताला तिसरी खुर्ची, समोर पंखा. चिंधू पांढरा सदरा घालून आला, ड्रमपुढे पाटावर बसला आणि त्यानं मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. दोन पोट्टे मोबाइल धरून शूटिंग करत होते. चिंधूनं मान वर करून मला शोधलं, आणि फेट्यात ओळखायला त्याला क्षणभर लागलं.

मी उठायला हवं होतं. स्टेज उतरायला पाच पायऱ्या होत्या. पण माझं नाव नुकतंच माइकवर घेतलं होतं आणि अजून सत्कार व्हायचा होता.

ड्रमचं झाकण निघालं.

वास पंख्याच्या वाऱ्यावर थेट स्टेजवर आला. आंबलेला, गोडसर, मेलेल्या घुशीवर कोणी गूळ ओतावा तसा. पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्यानं रुमाल काढून चष्मा पुसल्याचं नाटक केलं आणि तो नाकावरच ठेवला. वास सगळ्यांना आला होता. कॅमेरा चालू होता.

चिंधूला वास येत नव्हता. त्यानं ताटात हात घातला, वांग्याची फोड कुस्करली, रोडग्याचा तुकडा बुडवला आणि घास तोंडात टाकला. चावला, गिळला. मग दुसऱ्या घासासाठी बोटं उचलली आणि थांबला. बोटं आणि भाजी यांच्यामध्ये तार आली होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी. त्यानं अंगठा आणि बोट जवळ आणलं, दूर केलं. पुन्हा तार आली. मग हात रेतीनं पुसला आणि उठला.

“पोट राजी नाई.”

डफडंवाला काठी वर करून बसला होता. त्याची काठी वरच राहिली.

“चिंधूभाऊ मजाक करून राह्यले!” प्रभाकरराव माइकवर हसले.

“मजाक नाई. भाजी तार सोडून राह्यली. कोणाले खाऊ देऊ नका.”

प्रभाकररावांनी श्वास घेतला. तेवढ्यात त्यांचं ठरलं असावं. “अरे मंडळी, ह्याइच्या बोलण्यावर जाऊ नका. करोनापासून चिंधूभाऊले चवच लागत नाई! बायकोनं मीठ नाई टाकलं तरी समजत नाई ह्याइले! मी नाई म्हणत, ह्याइच्या दोस्तानंच सांगतलं. काय मोतीलालभाऊ?”

आणि माइक माझ्या तोंडापुढे आला.

दोन गावं माझ्याकडे बघत होती. आयुष्यभर मी इतक्या खोट्या गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या एकीलाही एवढे ऐकणारे मिळाले नव्हते. बोलायचं होतं एवढंच, की वास मला येतोय, अन्न नासलंय, चिंधू खरं सांगतोय. मी दोन्ही हातांनी फेटा नीट केला.

लोक हसले. आधी पोट्टे, मग सगळे. चिंधू हसणाऱ्यांकडे बघत नव्हता. तो रेतीत उभ्या असलेल्या तानाबाईंकडे बघत होता. मीठ टाकलं नव्हतं, हे त्याला त्या क्षणी कळलं. चार वर्षं तो समजत होता की तिला ठाऊक नाही.

“पोट राजी!” प्रभाकरराव स्वतःच माइकवर ओरडले. डीजे सुरू झाला.

माथनीच्या शकुंतलाबाई, ऐंशीच्या घरातल्या, ताट पालथं घालून उठल्या. “चाखण्या नाई म्हणते तं नाई,” म्हणाल्या, आणि नातवंडांचे हात धरून उपाशीच नदी ओलांडून गेल्या. त्यांच्यामागे चाळीसेक माणसं गेली. बाकीच्यांनी नाकानं श्वास न घेता खाल्लं. फुकट होतं, वर मसाला भरपूर होता. प्रभाकररावांनी आपल्या गाडीत बसून, काचा लावून, घरून आलेला डबा खाल्ला.

चार वाजता पहिली ओकारी झाली. सहापर्यंत हिरव्या गवतावर पाय ठेवायला कोरडी जागा उरली नव्हती. ते सगळं सांगत नाही. मी वाढवून सांगणारा माणूस आहे, पण इथं वाढवायला काही नव्हतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं दवाखान्यांत गेली, अलीकडची इकडे, पलीकडची तिकडे. दीडशेच्या वर. कोणी मेलं नाही. त्याचं श्रेयही रात्री प्रभाकररावांनी फेसबुकवर घेतलं, ‘वेळीच मदत पोहोचवली’ म्हणून.

आणि सोबत एक व्हिडिओ टाकला. चिंधू बसतो, घास घेतो, चावतो, गिळतो, उठतो. मग मोठ्ठ्यानं “पोट राजी!” आवाज कोणाचा ते दिसत नाही. मधलं सगळं कापलेलं. सकाळपर्यंत दोन्ही जिल्ह्यांत लोक सलाइन लावून पडल्या पडल्या चिंधूला शिव्या घालत होते. चाखण्यानं पास केलं म्हणून आम्ही खाल्लं, असं तेच सांगत होते जे त्याच्यावर हसले होते.

मी सकाळी त्याच्या घरी गेलो. तानाबाई दारात होत्या. त्यांनी मला आत ये म्हटलं नाही.

“भाऊजी, म्या चार बायांत नाई सांगतलं. बहिणीले नाई सांगतलं. तुमच्यापाशी सांगतलं होतं.”

“तानाबाई, चिंधू—”

“नदीवर हाय.”

नदीवर सहाही ड्रम तसेच उभे होते. निम्म्याहून जास्त भाजी शिल्लक होती. रात्रभर फसफसून झाकणं उचलली गेली होती आणि कडेनं फेस उतरत होता. कुत्री दुरून यायची, हुंगायची आणि शेपूट घालून परत जायची. जवळच एक जेसीबी खड्डा खणून उभा होता. त्याचा ड्रायव्हर लांब बाभळीखाली बसून ओकत होता. विवेक काठावर ओला रुमाल नाकाला बांधून उभा होता.

“अन्नभेसळवाल्या साहेबाले रात्रीच फोन केला मी,” तो मला म्हणाला. “येतो म्हणाले. प्रभाकररावले ते यायच्या पहिले गाडायचं हाय समदं. म्हणून बाबा तिथी जाऊन बसले.”

चिंधू ड्रमांच्या आणि खड्ड्याच्या मध्ये, एका पालथ्या क्रेटवर बसला होता. कालचाच पांढरा सदरा होता. प्रभाकरराव अत्तराचा रुमाल नाकाशी धरून वीस हात अलीकडे उभे होते. त्यापुढे त्यांचं पाऊल पडत नव्हतं.

“चिंधूभाऊ, उठा. रोगराई होईन गावात.”

“साहेब येईन, पाहीन. मंग कोणीबी गाडो.”

“बरं, मशीनवाल्याले सहन होऊन नाई राह्यलं. तुमाले तं वास येत नाई. तुमीच ढकला ना ड्रम खड्ड्यात. अन् तुमच्या लोकाइले असल्या कामाची...” ते थांबले. विवेक काठ उतरायला लागला होता.

चिंधूनं हात वर करून पोराला थांबवलं. आवाज चढवला नाही. नळ गेल्यावर ओरडणाऱ्या बाईला समजावायचा, तसाच बोलला.

“वास नाई येत मले, प्रभाकरराव. पण घाण कोणाची हाय ते दिसते.”

प्रभाकररावांनी उत्तर द्यायला रुमाल काढला, वास आत गेला, आणि ते वळून भराभरा गाडीकडे गेले. वाटेत वाकले. पांढऱ्या बुटांवर जे पडलं ते त्यांनी रेतीत घासून पुसलं.

बारा वाजले. साहेब आले नाहीत. एक वाजला. दोन्ही काठांवर माणसं जमली होती, सगळ्यांची नाकं बांधलेली. माथनीकडून शकुंतलाबाई छत्री घेऊन आल्या होत्या आणि काठावर बसून होत्या. उन्हानं ड्रम तडतडत होते. विवेक दोनदा ओरडला, “बाबा, सावलीत या थोडे!” चिंधू तिथूनच म्हणाला, “म्या उठलो का हे गाडते.”

मग तानाबाई फडक्यात भाकर बांधून आल्या. तोंडावर पदर घट्ट धरून त्या रेतीत उतरल्या. मधे थांबल्या, वाकल्या, कोरडे उमासे काढले, पुन्हा चालल्या. थेट त्याच्यापाशी गेल्या. फडकं त्याच्या मांडीवर ठेवलं. काही बोलल्या नसाव्यात, कारण तोंड उघडणं शक्यच नव्हतं. चिंधूनंच काहीतरी विचारलं. त्यांनी मान हलवली. मग परत आल्या आणि माझ्यासमोरून गेल्या, न बघता.

मीही उतरलो. त्याच्याजवळ जाऊन बसायचं ठरवूनच उतरलो होतो. काय बोलायचं ते घोकत निघालो. शंभर पावलं चाललो, मग आणखी थोडं. चाळीस पावलं उरली तेव्हा खाली टेकलो आणि पोटातलं सगळं बाहेर आलं. उठलो, दोन पावलं टाकली, पुन्हा तेच. मग तिथंच तापल्या रेतीत बसलो. त्याहून जवळ मला जाववेना.

चिंधूनं माझ्याकडे पाहिलं. हाक मारली नाही, हाकललंही नाही. त्यानं फडकं उघडलं, भाकरीवर बसू पाहणाऱ्या माशा हातानं वारल्या आणि कांदा मुठीनं फोडला. दोन गावं नाक दाबून बघत होती. काठावरून एक पांढरी गाडी धूळ उडवत येत होती. साहेबाची होती की आणखी कोणाची, ते इतक्या लांबून ओळखू येत नव्हतं. त्यानं एकदा तिकडे पाहिलं, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि भाकर मोडून, सावकाश चावत, जेवायला लागला.